राइनबेकच्या लोकर-जत्रेत: ही लोकर कुठल्या मेंढीची?

उलट_सुलट

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी राइनबेकला जाऊन आले. घरी आल्यापासून हाताला लोकरीचा वास आहे आणि डोक्यात तेच चाललंय, म्हणून सविस्तर लिहिते. विणणाऱ्यांनी तर लिहाच, पण ज्यांचा मेंढ्यांशी संबंध आहे त्यांनीही जरूर लिहा. शेवटी एक प्रश्न आहे, तो त्यांच्यासाठीच.

राइनबेक हे न्यूयॉर्क राज्यातलं, हडसन नदीजवळचं छोटं गाव. तिथे डचेस काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी 'न्यूयॉर्क स्टेट शीप अँड वूल फेस्टिव्हल' भरतो. विणणाऱ्या लोकांत नुसतं 'राइनबेक' म्हटलं तरी पुरतं. आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनहून पहाटे निघालो. किंग्स्टनपाशी पूल ओलांडताना नदीवर धुकं होतं आणि दोन्ही काठांवरचे मेपल लाल-पिवळे झाले होते. गाडी लावायला शेतातच जागा, गवत दवाने चिंब.

फाटकापाशी रांगेत उभी राहिले आणि बघतच राहिले. पुढे-मागे जिथवर नजर जाईल तिथवर प्रत्येकाच्या अंगावर हाताने विणलेलं काहीतरी. इथे एक प्रथाच आहे, या जत्रेसाठी खास स्वेटर विणायचा. लोक महिनोन्‌महिने आधी सुरुवात करतात, आदल्या रात्री हॉटेलात बसून शेवटची बाही पुरी करतात. मीही आईच्या पानांच्या जाळीचा विणला होता. रांगेतल्या एका वयस्कर बाईंनी माझी बाही हातात घेतली, उलटी करून मागची बाजू बघितली (मागची बाजू बघणारा माणूस खरा विणणारा, हे आई नेहमी म्हणायची) आणि विचारलं, या वीणीचं नाव काय? नाव असं नाहीच. नाशिकला शेजारच्या काकूंकडून आई शिकली, आमच्या घरात तिला 'पिंपळपान' म्हणतात. त्यांनी ते नाव दोनदा म्हणवून घेतलं आणि वहीत लिहून ठेवलं. मला आईला तिथूनच फोन करावासा वाटला.

आत गेल्यावर खाणं, दुकानं, गर्दी, सफरचंदाच्या रसातले गरम डोनट, कुत्र्यांनी मेंढ्या वळवायचं प्रात्यक्षिक, लामांच्या उड्यांची स्पर्धा हे सगळं आहे. त्यावर वेळ घालवत नाही. मला मेंढ्यांबद्दल आणि फ्लीसबद्दल, म्हणजे एका मेंढीच्या अंगावरून कातरलेल्या अख्ख्या लोकरीबद्दल लिहायचंय.

मेंढ्यांचे गोठे ओळीने आहेत. बॉर्डर लेस्टरचे कान सशासारखे ताठ उभे. जेकब मेंढी काळी-पांढरी, काहींना चार-चार शिंगं. आइसलँडिक मेंढीच्या अंगावर दोन थर असतात, वर लांब राठ केस आणि आत मऊ लव. अंगोरा बकरीच्या अंगावर कुरळ्या बटा लोंबतात, तेच आपलं मोहेर. (आणि अंगोरा नावाची लोकर मात्र सशाची. हा घोळ मला इतकी वर्षं कळला नव्हता.) दर जातीची लोकर वेगळी हे वाचलेलं होतं. पण एका गोठ्यातून हात काढून दुसऱ्या मेंढीच्या पाठीत बोटं खुपसली की जो फरक कळतो, तो वाचून कळत नाही.

मग फ्लीसची विक्री. एका मेंढीच्या अंगावरची लोकर नीट कातरली की ती गोधडीसारखी एकसंध निघते. ती गुंडाळून पारदर्शक पिशवीत ठेवतात, वर चिठ्ठी: जात, वजन, भाव, कुठल्या शेतावरची, कुठे कुठे तर मेंढीचं नावसुद्धा. अशा पिशव्यांच्या रांगाच रांगा. मी बावरून उभी होते, तेवढ्यात एक मेंढपाळ बाई आल्या आणि त्यांनी लोकर कशी पारखायची ते दाखवलं. बोटाएवढी बट वेगळी काढायची. दोन्ही टोकं चिमटीत घट्ट धरायची, कानाजवळ न्यायची आणि झटका द्यायचा. तार छेडल्यासारखा टण्‌ आवाज आला की लोकर निरोगी. चुरचुर ऐकू आली की मध्ये कुठेतरी धागा कच्चा आहे. मेंढी आजारी पडली, विण्याच्या वेळी तिला ताण झाला किंवा चारा कमी पडला, तर तेवढ्या दिवसांत उगवलेली लोकर बारीक राहते आणि नेमकी तिथेच तुटते. त्यांनी एका बटेवर नखाने जागा दाखवली आणि म्हणाल्या, इथे तिला कोकरू झालं. मला बटेत काहीच वेगळं दिसत नव्हतं. झटका दिला, बट बरोबर तिथेच तुटली.

मी रॉम्नी जातीच्या मेंढीची एक करडी फ्लीस घेतली. ५ पौंड, पौंडाला १६ डॉलर. टोकं उन्हाने तपकिरी झालेली, कातडीजवळ गडद राखाडी. हाताला मेण लागतं, त्यातूनच लॅनोलिन काढतात. रॉम्नी मऊ नाही. मऊ लोकरीच्या मेरिनो मेंढीचा तंतू साधारण १८ ते २४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो, रॉम्नीचा ३० च्या पुढे, आणि ३० च्या पुढचे तंतू कातडीला टोचतात. तेव्हा हिचा स्वेटर शर्टावरूनच घालायचा. पण तो वीस वर्षं टिकेल आणि त्याला गोळे धरणार नाहीत.

आता मनातली गोष्ट. लहानपणापासून मी ज्याला लोकर म्हणत आले, ती लोकर नव्हती. मागच्या भारतवारीत नाशिकच्या एका दुकानातून 'वूल' म्हणून घेतलेले गुंडे घरात होते. परत आल्यावर त्यातला एक धागा जाळून बघितला. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की ती आपोआप विझते आणि राख बोटांत चुरडते. माझा धागा वितळला, काळा टणक मणी झाला आणि प्लास्टिकचा वास सुटला. अ‍ॅक्रिलिकशी माझं भांडण नाही. रोज धुवायच्या झबल्या-टोपड्याला ते सोयीचं आहे, स्वस्त आहे, मी त्यात कितीतरी बाळंतविडे विणलेत. पण त्याला आपण सरसकट लोकर म्हणायला लागलो आणि खऱ्या लोकरीला आपल्या तोंडी शब्दच उरला नाही. 'ही कुठल्या मेंढीची?' हा प्रश्न मला चाळिशी उलटेपर्यंत सुचला नाही, कारण माझ्या गुंड्यामागे मेंढीच नव्हती.

म्हणून प्रश्न. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. त्यांची लोकर कुठे जाते? ती सुयांवर विणता येते का? कुणी विणली आहे का?

क्रोशावाली

किती सुंदर लिहिलंयस गं! पिंपळपानाचा फोटो टाक, आणि जमलं तर टाक्यांचा हिशेबही. आमच्याकडे आजी छत्रीच्या काड्या दगडावर घासून सुया करायची, त्यावर मी पहिले उलट-सुलट टाके शिकले.

एक शंका. खरी लोकर मशिनमध्ये धुतली की आटते, पण माझ्याकडच्या मेरिनोच्या लडीवर 'मशीन वॉश चालेल' लिहिलंय. मग ती खरी की खोटी?

उलट_सुलट

खरीच आहे, ताई. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, माशासारखे. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात, म्हणून आटते. तुमच्या लडीवर क्लोरीनची प्रक्रिया करून खवले झिजवलेले असतील आणि वर पॉलिमरचा पातळ लेप दिलेला असेल. तिला सुपरवॉश म्हणतात. पण सुपरवॉशचा स्वेटर ओला झाला की लांब होतो, तेव्हा नमुना विणून, धुऊन, मगच टाके मोजा. पिंपळपान संध्याकाळी टाकते.

माणदेशी

लेख दोनदा वाचला. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, दहिवडीच्या बाजूला, घरात मेंढरं आहेत, म्हणून तुमच्या प्रश्नाला मीच उत्तर देतो.

आमची दख्खनी मेंढी बहुतेक काळी. वर्षातून दोनदा कातरतो. एका मेंढीमागे वर्षाला अर्धा-पाऊण किलो लोकर निघते, त्यात काट्या-कुसळांचं वजनही आलं. तुम्ही एकाच मेंढीची ५ पौंड आणलीत म्हणता, म्हणजे सव्वादोन किलो. आमच्या तीन-चार मेंढ्यांचं वर्ष झालं ते.

आमची लोकर राठ. पुष्कळशा तंतूंना आतून पोकळी असते, त्यामुळे ते केसासारखे ताठ राहतात. शिवाय काळ्यावर रंग चढत नाही, म्हणून गिरणीला ती नको. पण ज्या कामासाठी ती आहे त्या कामाला तिच्यासारखी दुसरी नाही. पावसात घोंगड्याची खोळ डोक्यावर घेतली की पाणी वरच्यावर ओघळतं. तेच घोंगडं रात्री अंथरायचं, तेच पांघरायचं.

आता खरी अडचण सांगतो. कातरणाऱ्याला द्यायची मजुरी लोकरीच्या पैशातून सुटत नाही. मेंढरं कातरावी लागतातच, नाहीतर अंगात गोचीड-पिसवा होतात, उन्हाळ्यात जनावर धापा टाकतं. म्हणून कातरतो आणि लोकर बांधाला टाकून देतो. माझ्या डोळ्यांदेखत पोतीच्या पोती कुजली आहेत. आजी असती तर तिला ते बघवलं नसतं.

मेंढीपासून आता उत्पन्न दोनच. एक, शेतात मेंढरं बसवायची. रात्रभर लेंडी-मूत पडतं, शेतकरी त्याचे पैसे किंवा धान्य देतो. दुसरं, मटणासाठी कोकरं. त्यामुळे नर निवडताना आम्ही अंगकाठी बघतो, लोकर बघत नाही. जत भागातली माडग्याळ मेंढी बघा, उंच, पांढरी, अंगावर तपकिरी ठिपके, आणि लोकर जवळजवळ नाहीच. तिच्या नराला भाव मोठा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोल मेंढीचा जुळ्यांचा जीन दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. चांगलं काम आहे, एकाऐवजी दोन कोकरं म्हणजे आमच्यासारख्याला मोठाच आधार. पण तिथेही लक्ष कोकरांवर. लोकरीसाठी मेंढी निवडणारा माणूस आमच्याकडे उरलेला नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

सुयांवर विणायचं म्हणाल तर एकच लोकर चालेल: जावळ. कोकराची पहिली कातरण. ती बरीच मऊ असते.

क्रोशावाली

जावळ! बाळाच्या पहिल्या केसांना म्हणतो तोच शब्द ना? अंगावर काटा आला वाचून.

माणदेशी

तोच शब्द. जावळाचं घोंगडं वेगळं ओळखू येतं आणि किंमतही जास्त. पूर्वी लग्नात द्यायचे.

चिंचोका

माझं हे नाव का आहे ते आज सांगायची वेळ आली. 😊 आम्ही सणगर, घोंगडी विणणारे. आजोबांचा खड्डामाग होता. आजी आणि तिच्या जावा लोकर पिंजून पेळू वळायच्या, सूत कातायच्या. आजोबा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, लावायचे. त्या ताण्याला चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजायचे, वरचं तपकिरी साल काढायचं, भिजवून दळायचे आणि पाण्यात शिजवून लापशीसारखं करायचं. ही खळ कुंच्याने ताण्यावर घासून बसवायची आणि उन्हात सुकवायची. राठ सूत त्यामुळे गुळगुळीत होतं, विणताना तुटत नाही. अंगणभर त्या खळीचा वास असायचा, आंबूस-भाजका. नवं घोंगडं सुरुवातीला जे कडक लागतं ते या खळीमुळे. वापरून, धुऊन मऊ होतं. घेणारे पहिल्याच दिवशी 'टोचतंय' म्हणून परत करतात तेव्हा फार वाईट वाटतं. थोडा दम धरायला हवा.

माग आता नाही. लाकूड गेलं, खड्डा बुजवून तिथे न्हाणीघर बांधलं. कुंचा मात्र माझ्याकडे आहे.

लीड्सकर

इकडे यॉर्कशायरमध्ये स्किप्टनला सप्टेंबरच्या शेवटी 'यार्नडेल' नावाची लोकर-जत्रा भरते. जागा म्हणजे गुरांचा लिलाव-बाजार. ज्या लोखंडी कठड्यांत एरवी विकायच्या मेंढ्या उभ्या असतात, त्याच कठड्यांत दोन दिवस लोकरीची दुकानं लागतात. मला ते फार आवडतं.

माणदेशी, तुम्ही लिहिलंत तेच इथले शेतकरी सांगतात. डोंगरी मेंढ्यांची राठ लोकर विकून कातरण्याचा खर्चही निघत नाही, आणि काही जणांनी ती जाळून टाकल्याचं ऐकलंय. म्हणजे राठ लोकरीचं दुखणं दोन्हीकडे सारखंच. इथे काही शेतकऱ्यांनी मात्र थोडी थोडी लोकर स्वतः कातून घेतली आणि मेंढीच्या जातीचं नाव लावून अशा जत्रांत विकायला ठेवली. विणणारे ती मागून घेतात. गालिचा, पिशवी, टोपीचा बाहेरचा थर यांना राठ लोकरच हवी. मेरिनोची पिशवी महिन्याभरात लोळागोळा होते.

साधा_प्रश्न

कुणाला दुखवायचं नाही, पण मनात येतं म्हणून विचारतो. प्राण्याच्या अंगावरचं काढून घेणं क्रूर नाही का? व्हिडिओ बघून मला लोकर घालवत नाही.

उलट_सुलट

प्रश्न योग्य आहे, मलाही पडला होता. पाळीव मेंढीची लोकर बहुतेक जातींत आपोआप झडत नाही, ती वाढतच राहते. न कातरलेली मेंढी लोकरीच्या वजनाने आणि उकाड्याने हैराण होते. राइनबेकला कातरणं समोर बघितलं. मेंढीला बसकण घालून पाठ स्वतःच्या गुडघ्यांना टेकवून धरतात, अशी धरली की ती झटापट करत नाही. काही मिनिटांत मोकळी होऊन उठली आणि चाऱ्याला लागली.

पण तुम्ही जे बघितलं असेल तेही खरं आहे. घाईत, नगावर मजुरी घेऊन कातरताना जखमा होतात. ऑस्ट्रेलियात माश्यांची लागण होऊ नये म्हणून मेरिनोच्या शेपटीखालचं कातडं कापून काढायची पद्धत आहे, तिला म्यूलसिंग म्हणतात, ती मला अजिबात पटत नाही. गुंड्यामागची मेंढी माहीत असावी असं मला वाटतं त्याचं हेही एक कारण. जत्रेत तिला पाळणारा माणूस समोर उभा असतो, त्याला विचारता येतं.

साधा_प्रश्न

धन्यवाद, नीट समजावून सांगितलंत. म्यूलसिंगबद्दल माहीत नव्हतं. आता घेताना विचारेन.

कोल्हापूरकर

धागा वाचताना सारखं पट्टणकोडोली आठवत होतं. हातकणंगले तालुक्यात विठ्ठल-बिरदेवाची यात्रा, तीही याच दिवसांत, दसऱ्यानंतर. फरांडेबाबांची भाकणूक (वर्षाचं भाकीत) ऐकायला लांबलांबून धनगर येतात, आणि भंडाऱ्याबरोबर खारीक, खोबरं आणि लोकर उधळतात. लहानपणी बाबांच्या खांद्यावरून बघितलंय: सगळं आभाळ पिवळं आणि त्यात काळ्या लोकरीचे पुंजके तरंगतायत. घरी आल्यावर आई माझ्या केसांतून लोकर वेचत होती, हळदीने माखलेली. तुम्ही म्हणता ती लोकर-जत्रा आपल्याकडेही आहे, फक्त तिथे लोकर विकत नाहीत, देवाला वाहतात.

चिंचोका

+१. आमचे आजोबा जायचे. तिथली चिमूटभर लोकर आणून मागाला बांधायचे.

उलट_सुलट

कोल्हापूरकर, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला.

तीन आठवडे झाले, आता फ्लीसची हकीकत. आधी ती अंगणात चादरीवर उलगडली, कडेची शेणाची, गवताची लोकर काढून टाकली. मग जाळीच्या पिशव्यांत थोडी थोडी भरून धुतली. पाणी ६० अंशांच्या वर, त्यात भांडी घासायचं लिक्विड, पिशवी दाबून बुडवायची आणि वीस मिनिटं हातही लावायचा नाही. पाणी गार व्हायच्या आत काढायची, नाहीतर सुटलेलं मेण परत तंतूंवर बसतं. पहिलं पाणी चहासारखं निघालं. चौथं स्वच्छ.

तिसऱ्या पिशवीला माझी चूक झाली. घाईत नळाची धार थेट लोकरीवर सोडली. दोन मिनिटांत सगळ्या बटा एकमेकींत घट्ट बसल्या, सोडवायला गेले तर तुकडा निघेना. खूप हळहळले. आईला दाखवलं तर ती म्हणाली, हा बुरणूस झाला की. बुरणूस म्हणजे न विणता, लोकर दाबून केलेलं जाड कापड, ते हेच करून बनवतात म्हणे, मुद्दाम, पाणी आणि रगड देऊन. तो तुकडा आता चहाच्या किटलीखाली आहे.

वाळल्यावर वजन केलं. ५ पौंडांतले सव्वातीन उरले, बाकी मेण, घाम आणि माती. एका स्वेटरला सव्वा पौंड धरला तरी दोन सहज होतील. कातायला चरखा नाही, चातीवरच (हाताने फिरवायच्या टकळीवर) कातते. सूत अजून जाड-बारीक येतंय. पेळूतून किती तंतू सोडायचे ते बोटांना अजून उमगलेलं नाही. रोज रात्री अर्धा तास बसते.

माणदेशी, डिसेंबरात मी भारतात येतेय, १४ तारखेपासून महिनाभर. तुमच्या घरच्या कोकरांची जावळ कातरायची असेल तर एक पोतं बांधाला टाकू नका. ठरवाल तो भाव देईन, पण एक अट आहे. कुठल्या कोकराची कुठली लोकर ते वेगळं ठेवा, चिठ्ठ्या लावून.

माणदेशी

पोतं ठेवतो. भावाचं बघू. चिठ्ठ्या मुलगी लावेल, तिला कोकरांची सगळी नावं पाठ आहेत. चुलत आजीला अजून कातता येतं, ८० च्या पुढे आहे, पण हात चालतो. येताना तुमची चाती घेऊन या, तिला बघायचीय.

चिंचोका

तारीख ठरली की इथे कळवा. मी साताऱ्यातच असतो. कुंचा घेऊन येतो, चिंचोके भाजून ठेवतो.